‘किती थांबू शकतं?’ हा रकाना

तीर्थस्वरूप मावशींना,

साष्टांग नमस्कार. (नुसता कागदावरचा नाही. खरोखर घातला आणि मग लिहायला बसलो. फरशीवर आडवं झाल्यावर कळलं की पलंगाखाली गेले अकरा आठवडे कोणी झाडलेलं नाही. अकरा हा आकडा सहज लिहिला गेला, त्यावर जाऊ नका.)

तुमची तब्येत कशी आहे? भूक लागते ना, झोप येते ना, दुकानात शिलाईच्या मशीनवर बसल्यावर पाठ धरत नाही ना? आणि मुख्य म्हणजे गुडघा कसा आहे? तुमच्या गुडघ्याची माझ्याइतकी काळजी तुमच्या डॉक्टरांनाही नसेल. ऑपरेशन झालं त्या दिवसापासून मी रोज सकाळी उठल्या उठल्या त्याची आठवण काढतो. असे गुडघे सहा आठवड्यांत चालते होतात असं मी चार ठिकाणी वाचलं, आणि आमच्या इमारतीखालच्या औषधवाल्यालाही विचारलं. त्यानं तुमचं वय विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला सात धरा. आता अकरा होऊन गेले म्हटल्यावर घरच्या माणसाला काळजी वाटणारच. शिवाय मागच्या शनिवारी फोनवर तुमच्या भाचीच्या तोंडून निघून गेलं की मावशी गच्चीवर चादरी वाळत घालायला गेलीय. तुमच्या गच्चीला सव्वीस पायऱ्या आहेत, मावशी. मी मोजल्या आहेत. तुमचं मनापासून अभिनंदन.

आता गैरसमज नको. तुमची भाची (म्हणजे माझीच बायको, पण सध्या ताबा तुमच्याकडे असल्यामुळे तुमची म्हणतो) तुमच्या देखभालीसाठी पंधरा दिवस म्हणून आली ती अजून तिथेच आहे, याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तिला परत पाठवा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. मी इथे उत्तम आहे. जेवतो, आंघोळ करतो, कामावर जातो. घर तेवढं खायला उठतं. फोन न करता पत्र लिहितोय ते एवढ्याचसाठी की तुमचा फोनही तीच उचलते, आणि ‘मावशी कामात आहे, काही निरोप?’ असं विचारते, जसं काही मी शिवायला टाकलेल्या पडद्यांची चौकशी करतोय.

आमचं लग्न ठरवताना तुम्ही माझ्याबद्दल म्हणाला होतात की मुलगा बरा आहे, पण समोर बसून दुसरीकडेच कुठेतरी असतो. (हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं.) ते खरं आहे. मी नेमका कुठे असतो ते आज सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमची कंपनी एक डबी बनवते. काडेपेटीएवढी. औषधांच्या खोक्यांत ती टाकून देतात. खोकं कोठारातून गाडीत आणि गाडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत आतली हवा थंड राहिली की नाही याची ती नोंद ठेवते, आणि गरम झाली तर पींऽऽ करून बोंब मारते. आत शर्टाच्या बटणाएवढा सेल. तो वर्षभर पुरला पाहिजे, आणि आमचा पाच आठवड्यांत मान टाकायचा. कारण काय, तर डबीतला प्रोसेसर, म्हणजे डबीचं डोकं म्हणा, झोपतच नव्हतं. काम नसेल तेव्हा त्याला झोपवायचं आणि काम आलं की उठवायचं, हे कर्नेल नावाच्या एका प्रोग्रामचं काम. प्रत्येक यंत्राच्या पोटात असा एक कर्नेल घरकारभाऱ्यासारखा बसलेला असतो, आणि आमच्या डबीतला मी लिहिलाय. आता उठवतं कोण? तर टायमर. गजराची घड्याळंच ती. आमच्या डबीत असे सतरा टायमर होते आणि प्रत्येक जण स्वतःला घरचा मालक समजत होता. एकाला तापमान बघायचं, एकाला सेल किती उरला ते बघायचं, एकाला नुसता हिरवा दिवा लुकलुकवायचा (कशासाठी, हे तो लिहिणारा नोकरी सोडून गेल्यामुळे कोणालाच माहीत नव्हतं). तुम्ही दुपारी अंग टाकलंय आणि कोणी दर दोन मिनिटांनी दाराची बेल वाजवतंय असं समजा. बेल वाजवणाऱ्याचं काम दहा सेकंदांचं, पण तुमचा पुन्हा डोळा लागायचा म्हणजे अर्धा तास. माणूस झिजतो तो कामानं नाही, मावशी, उठण्याबसण्यानं झिजतो. सेलचंही तेच.

मी नियम केला. कुठल्याही टायमरनं नुसतं ‘मला अमुक वाजता उठवा’ म्हणायचं नाही. आपण किती थांबू शकतो तेही सांगायचं. मग थांबू शकणाऱ्या सगळ्यांना एकत्र गोळा करायचं, डोक्याला एकदाच उठवायचं, सगळ्यांची कामं एका दमात उरकायची आणि पुन्हा गुडूप. आणि ज्यानं काहीच सांगितलं नाही, रकाना रिकामा ठेवला, त्याला घाई नाही असं धरायचं आणि चाळीस मिनिटं बसवून ठेवायचं. हे शेवटचं कलम माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलेलं आहे. त्याचा मला फार अभिमान होता. आमच्याकडे एक बाई दिवसभर मीटरसमोर बसून डबी किती वीज खाते ते बघतात (आम्ही त्यांना मीटरबाई म्हणतो, त्या दिवसाला साधारण चार वाक्यं बोलतात). त्यांच्या पडद्यावर पूर्वी करवतीसारखी रेघ असायची. माझा नियम चढवला त्या दिवशी रेघ जी आडवी झाली ती झालीच. मधूनच एखादं टोक, की पुन्हा सपाट. सेल चौदा महिने पुरेल असा हिशोब निघाला. साहेबांनी मला मिठी मारली. साहेब यापूर्वी फक्त एकदाच कोणाला तरी मिठी मारताना दिसले होते, आणि तो त्यांचा नातू होता.

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण यश डोक्यात गेलं की माणसाला घरातही तेच दिसायला लागतं. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमची भाचीही घरीच असते, जेवणाच्या टेबलावर शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. आणि तिला चित्र काढता काढता सगळं लगेच सांगायचं असतं. अरे, ये ना, मांजरानं शेजारच्या काकूंच्या कुंडीत बस्तान ठोकलंय. अरे, हा पिवळा बरा की तो? अरे, ती बाई कोण रे, जिच्या हातात सारखी रिकामी पिशवी असायची? एका रविवारी मी मोजलं. सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळात ती एकेचाळीस वेळा माझ्या दारात आली. त्यातल्या नऊ वेळा मी ‘काय गं?’ म्हटल्यावर ‘काही नाही, सहज’ म्हणून परत गेली. नऊ वेळा, मावशी! काहीच काम नसताना उठवणारा टायमर आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट समजतात. त्याला आधी काढतात.

म्हणून मी एक वही आणली. फ्रिजला सुतळीनं बांधली, शेजारी पेन्सिल लटकवली, आणि आत तीन रकाने आखले: विषय, किती थांबू शकतं, निकाल. दिवसभर जे काही सांगायचं असेल ते तिनं वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी सव्वाआठला मी वही घेऊन बसणार आणि सगळे विषय एका बैठकीत निकालात काढणार. मधला रकाना रिकामा असला तर थांबू शकतं असंच धरायचं, हे कलम मी घरालाही लावलं. तिला समजावून सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पहिल्या पानाच्या कडेला तिनं वेलबुट्टी काढली, आणि वेलीवर एक झोपलेला माणूस, ज्याचं नाक माझ्यासारखं होतं. मला वाटलं, पटलं हिला.

पहिला आठवडा वही गच्च भरायची. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे, त्यामुळे शब्द न शब्द खरं सांगतोय. ‘समोरच्या गच्चीवर दोघं कडाकडा भांडतायत. थांबू शकतं: अजिबात नाही.’ सव्वाआठला मी वाचेपर्यंत गच्ची रिकामी. निकालाच्या रकान्यात मी लिहिलंय: ‘मुदत संपल्यामुळे विषय रद्द.’ ‘ढग कासवासारखा झालाय. थांबू शकतं: दोन मिनिटं.’ निकाल: ‘मुदत संपल्यामुळे विषय रद्द.’ ‘रेडिओवर आपण गाडीत ऐकलेलं ते गाणं लागलंय. थांबू शकतं: गाणं संपेपर्यंत.’ निकाल तोच, फक्त तोवर मी कंटाळून ‘मु. सं. वि. र.’ असं लिहायला लागलो होतो. पुढे पुढे असे विषय येईनासे झाले. माझा जीव सुखावला. विषय रोज तिसाचे वीस झाले, विसाचे नऊ, आणि पाचव्या आठवड्यात तीनवर आले: साबण संपला, झाकण सापडत नाही, खिडकीची कडी ढिली. मी त्याचा आलेख काढला. उतरती रेघ, खाली जवळजवळ सपाट. तो तिला दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि छान आहे म्हणाली. मावशी, माझी एक खोड आहे, ‘छान आहे’ एवढंच मला ऐकू येतं. ते कुठल्या आवाजात म्हटलंय ते ऐकू येत नाही.

मग तो मंगळवार. मी माझ्या खोलीत, दार लोटलेलं, तास न् तास अखंड काम. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. सव्वाआठला उठलो, वही काढली. तीन विषय होते. एक: स्वयंपाकघरातला नळ गळतोय, थांबू शकतं दोन दिवस. दोन: पॅसेजमधला दिवा गेलाय, थांबू शकतं आज. तीन मी वाचलाच नाही, कारण विषय क्रमानं घ्यायचे हा नियम. पान्हा काढला, नळ खोलला, आपादमस्तक भिजलो, नळ बसवला. झाला गं नळ, असं आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडूनसुद्धा सांगितलं. उत्तर आलं नाही. (मला वाटलं, वा, काय नियम पाळतेय.) स्टूल घेतलं, दिवा बदलला. आता तीन. ‘मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन अचानक उद्याच ठरलं. पंधरा दिवस जातेय. साडेपाचची गाडी.’ मधला रकाना रिकामा. घड्याळात नऊला वीस मिनिटं कमी होती. माझ्या दारापासून त्या फ्रिजपर्यंत अकरा पावलं आहेत, आणि तुमची भाची माझ्या नाकाखालून बॅग भरून घरातून निघून गेली त्याला तीन तास होऊन गेले होते. औषधवाला नंतर म्हणाला की बाई खाली बॅग घेऊन बराच वेळ उभ्या होत्या, वर बघत. तो म्हणाला, गाडी चुकेल की हो. तर म्हणाल्या, आहे अजून थोडा वेळ.

त्यानंतर ती फोन करते. म्हणजे करते, नाही असं नाही. दर शनिवारी, सव्वाआठला. अकरा मिनिटं. तिच्याजवळ यादी असते. मावशीचे टाके निघाले. माझी मोरपंखी शाई कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, ती वाळली का बघ. तुझा खोकला बरा आहे का. ठीक, ठेवते. मी एकदा धीर करून विचारलं की मधेच कधी फोन का करत नाहीस? तर म्हणाली, थांबू शकतं ना. तिच्या बोलण्यात राग असता तर मी सुटलो असतो, मावशी. राग नव्हता. नुसती सवय लागली होती, आणि ती सवय मी लावली होती.

घरात आता कमालीची शांतता आहे. जी शांतता मला हवी होती तीच, अगदी तश्शीच. आणि त्या शांततेत मला एक ओळ लिहिता येत नाही. दर सहा-सात मिनिटांनी उठतो आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन येतो. कशाला जातो? काही नाही, सहज. परवा रविवारी हेही मोजलं (मोजायची खोड आहे ती आहेच): सकाळी नऊ ते दुपारी दोन, चव्वेचाळीस वेळा. म्हणजे ती उठवायची त्याहून तीन जास्त, आणि हे मी एकटा. टेबलावर तिच्या रंगाच्या बशीतला पिवळा वाळून तडकलाय, ती बशी मी धुतलेली नाही. परवा चहाच्या किटलीला म्हटलं, बघ गं, आज हवा कशी कुंद आहे. किटलीनं शिट्टी मारली तेव्हा इतकं बरं वाटलं की मी अजून थोडं पाणी घालून पुन्हा ठेवली. मला तिची फार आठवण येते, मावशी. हे असं सरळ लिहिताना लाज वाटते, पण वळसे घालून लिहिलं तरी तेच निघतं.

आता कामावरची फजिती ऐका, म्हणजे माझ्यावर घरात आणि बाहेर एकाच वेळी कशी पाळी आली ते कळेल. मागच्या सोमवारी औषधकंपनीचे चार लोक डबी बघायला आले. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. चौदा महिने ऐकल्यावर पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि त्यांच्यातल्या एका जाड चष्म्याच्या बाईंनी साधा प्रश्न विचारला की गरम झाल्यावर ही ओरडते कशी ते दाखवा. साहेब म्हणाले, त्यात काय! आणि त्यांनी डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ समोरच्या वाफाळत्या चहाच्या कपात सोडली. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. डबी गप्प. साहेब हसले, म्हणाले, दोन सेकंद. मग दोन मिनिटं झाली. साहेबांनी हवापाण्याचा विषय काढला. पाहुण्यांतल्या एकानं आपल्या दाढेची सगळी कहाणी सांगितली, मुळापासून. चहा निवतोय असं दिसल्यावर मी कप बदलला. दुसऱ्या कपात तरी बोलेल म्हणून. गप्प. मीटरबाईंच्या पडद्यावर ती रेघ आडवी पडलेली, शांत, सुंदर. शेवटी पाहुण्यांनी बॅगा उचलल्या, सगळ्यांशी हात मिळवले, जाड चष्म्याच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळा आठवली. लिफ्टचं दार बंद झालं, लिफ्ट खाली गेली, आणि चहाच्या कपातून आवाज आला: पींऽऽ. साहेबांनी तो कप उचलला आणि डबीसकट माझ्या टेबलावर आणून ठेवला.

चूक शोधायला अर्धी दुपार गेली. डबी गरम झाल्यावर पींऽऽ करायचा टायमर ज्यानं लिहिला त्यानं ‘किती थांबू शकतं’ हा रकाना भरलाच नव्हता. रिकामा. म्हणून माझ्या कर्नेलनं त्याला, माझ्या लाडक्या कलमानुसार, चाळीस मिनिटं बसवून ठेवलं होतं. मी तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन करून फैलावर घेतलं, की बाबा रे, रकाना का नाही भरलास? तो बिचारा म्हणाला, अहो, आग लागल्यावर ओरडायचं आहे, त्यात किती थांबू शकतं हे काय लिहायचं? मला वाटलं, हे कोणालाही कळेल. फोन ठेवला तर मागे मीटरबाई उभ्या. त्या दिवसाचं त्यांचं चौथं वाक्य शिल्लक असावं. म्हणाल्या, ज्याला थांबायचंच नसतं तो रकाना रिकामा ठेवतो हो.

मावशी, मी खुर्चीवरून उठलो आणि कोणाला न सांगता घरी आलो. भर कामाच्या वेळात. फ्रिजवरची वही काढली आणि तो मंगळवार उघडला. तीन नंबरच्या ओळीत मधला रकाना रिकामा आहे. पण कागद प्रकाशात तिरका धरला तर दिसतं की तिथे पेन्सिल टेकलेली आहे. एक ठिपका. लिहायला गेली आणि लिहिलं नाही. किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. मी अकरा पावलांवर होतो, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि तिला दार ढकलून आत यायला मी कधी शिकवलं नव्हतं. उलट न यायला शिकवलं होतं. त्या दिवशी मी फ्रिजपाशी फरशीवर बसून रडलो. (फार नाही. पण बसूनच.)

दुसऱ्या दिवशी ते कलम मी उलटं केलं. आता रकाना रिकामा असेल तर एक क्षणही थांबवायचं नाही, डोकं कितीही गाढ झोपेत असो, उठवायचं. सेल चौदा महिन्यांऐवजी नऊ महिने पुरतोय. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि मिठीचा विषय तर कोणी काढत नाही. पण डबी चहात टाकली की ताबडतोब ओरडते. आता ती इतकी ओरडते की मीटरबाईंनी कानात कापूस घातलाय. मला तो आवाज आवडतो. नऊ महिने पुष्कळ झाले.

असो. तुमचा फार वेळ घेतला. तुम्ही कात्री बाजूला ठेवून हे वाचत असाल तर माफ करा, आणि वाचता वाचता कापत असाल तर कापड सांभाळा. पत्राचं उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल. तिला म्हणावं, जिवाला जपून राहा. लोभ आहेच, तो वाढवा असं म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही, आहे तेवढा टिकवा.

तुमचा नम्र,
जावई

ता. क. मी इथे उत्तम आहे असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. ‘सावकाश’ हेही.

ता. क. २. पत्राचं खरं कारण आता लिहितो. मी शुक्रवारची गाडी धरतोय. तिला आधी कळवू नका. दुपारी दोनच्या सुमारास तुमच्या दाराची बेल वाजेल. त्या वेळी ती चित्रात बुडालेली असते, ब्रश ओला असतो, आणि कोणी मधे आलेलं तिला मुळीच खपत नाही. मला नेमकं त्याच वेळी मधे यायचंय. तेवढं दार मात्र तुम्ही उघडायला धावू नका, तिलाच उठू द्या. दारात काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. यादी केलेली नाही.

ता. क. ३. वरचं लिहून पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. समोरच्या पादत्राणांच्या दुकानाची भिंत रंगवायला एक माणूस सकाळपासून शिडीवर चढलाय आणि हत्तीएवढा बूट रंगवतोय. त्यानं स्वतःचे बूट खाली काढून ठेवले होते. एका कुत्र्यानं त्यातला एक तोंडात धरला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन बसलं, आणि हा वर शिडीवर एका हातात डबा, एका हातात कुंचला, उतरताही येईना, सोडताही येईना, दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या. मावशी, मी खिडकीतून इतक्या जोरात ओरडलो, ‘अगं, पळत ये, लवकर, बघ!’ आणि तिला हाताला धरून आणायला जेवणाच्या टेबलापर्यंत धावत गेलो. तिथे तडकलेल्या पिवळ्याची ती बशी होती. परत खिडकीशी आलो तोवर कुत्रं गेलं होतं.

तेव्हा शुक्रवारपर्यंत काही जमायचं नाही. मी आत्ताच निघतोय. पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही, मीच घेऊन येतो आणि तुमच्या हातात देतो. त्यामुळे दार कोणी उघडायचं याबद्दल वर जे लिहिलंय त्याचा काही उपयोग नाही. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा दार उघडून झालेलं असेल. तिनं उघडलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, वाचायची गरज नाही. तुम्ही उघडलं असेल, तर मी अजून उंबऱ्यातच उभा असेन. तिला आतून हाक मारा. हातातलं काम अर्धं टाकून ये म्हणावं.